दाट तेल

वैजाने क्लच दाबलेला होता. हे मी शपथेवर सांगते, कारण मी तिच्या पायाकडेच बघत होते. चप्पल पेडलवर होती, पेडल पार खाली टेकलेलं होतं, आणि तरी ट्रॅक्टर पुढे चालला होता. घाईने नाही. धार काढून झाल्यावर म्हैस गोठ्याबाहेर पडते तसा, आपल्याच नादात.

"वैजा, थांबव की."

"थांबवलाय, आत्या."

"मग हा निघालाय कुठं?"

समोर अनसाबाईंची कपडे वाळत घालायची दोरी होती. ती तुटली. तिच्यावरचं हिरवं नऊवारी लुगडं बॉनेटवर पडलं, आणि पदर घेतलेल्या नवरीसारखा ट्रॅक्टर आणखी चार हात पुढे गेला. वैजाने ब्रेकवर पाय रोवला. ट्रॅक्टर थरथरला आणि बंद पडला.

अनसाबाई तोंडात मिसरीचं बोट तसंच ठेवून बाहेर आल्या. आधी ट्रॅक्टरकडे पाहिलं, मग लुगड्याकडे.

"ठकूबाई," त्या मला म्हणाल्या, "तुमच्या सुनेला माझं लुगडं हवं होतं तर मागून न्यायचं. एवढं मोठं वाहन कशाला आणलं?"

वैजा खाली उतरून लुगडं सोडवायला लागली. तिचे कान लाल झाले होते. थंडीने नाही. थंडी तर इतकी होती की आमच्या तोंडातून वाफा निघत होत्या. निफाडकडची डिसेंबरातली सकाळ ज्याने पाहिली आहे त्याला सांगायला नको.

या गोष्टीला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. आमच्या गावात अकरा बायकांचा गट होता, आणि गटाकडे योजनेतून आलेला एक छोटा ट्रॅक्टर होता. द्राक्षाच्या दोन ओळींमधून मोठा ट्रॅक्टर जात नाही, हा जायचा. मागे फवारणीचा ब्लोअर जोडला की बागेतून फिरून यायचा. अनसाबाई गटाच्या अध्यक्ष, म्हणून तो त्यांच्या पडवीत उभा असायचा. चालवायची मात्र वैजयंता, माझी सून. एकवीस दिवसांचं शिक्षण घ्यायला गटातून कोण जातं असं विचारलं, तेव्हा बाकी दहाजणी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि ही उठली. माझा मुलगा तेव्हा ट्रकवर असायचा, महिन्यातले वीस दिवस बाहेर. तो घरी आला की म्हणायचा, "घरात दोन ड्रायव्हर, आणि तिचं वाहन माझ्यापेक्षा स्वच्छ."

माझं गटातलं काम स्वयंपाकाचं. गावातल्या बारशा-लग्नाच्या पंगती आम्ही करायचो, आणि आमटी माझी. ठकूबाईकडे पातळ कालवण खाल्लं असं सांगणारा माणूस अजून भेटायचा आहे. वाटीत चमचा उभा राहिला पाहिजे, असा माझा हिशेब. पातळ वाढणं म्हणजे पाहुण्याला दारातून परत पाठवणं, असं माझ्या आईने मला शिकवलं होतं. अक्षर शिकवलं नव्हतं, तिलाही येत नव्हतं, पण एवढं शिकवलं होतं.

त्या दिवशी दुपारी दोन वाजता दगू मिस्तरी आला. दगू हा पंचक्रोशीतला ट्रॅक्टरचा डॉक्टर. रात्री उशिरापर्यंत भजन आणि सकाळी उशिरापर्यंत झोप, म्हणून दुपारच्या जेवणाआधी त्याचं दर्शन व्हायचं नाही. मी त्याला चड्डीत पाहिलेला, त्यामुळे अरे-तुरे करायची.

तोवर वैजा एक बाग फवारून आली होती. दगू सीटवर बसला, क्लच दाबला, गिअर टाकला. गिअर लोण्यात सुरी जावी तसा गेला. क्लच दाबून ठेवला तर ट्रॅक्टर जागचा हलेना.

"काय झालंय याला?" दगू म्हणाला.

"सकाळी क्लच दाबला तरी चालत होता," वैजा म्हणाली. "गिअर टाकताना कर्र वाजत होता. पहिला तर पडतच नव्हता."

"आता तर पडतोय."

"आता पडतोय. सकाळी नव्हता पडत."

दगूने माझ्याकडे पाहून हसून घेतलं. "मावशी, तेल कधी बदललं?"

"दसऱ्याला. मीच आणलं, मीच ओतलं. चांगलं बघून आणलंय, भांडून."

त्याने पट्टी ओढून तेलाची उंची पाहिली, बरोबर होती. पट्टी पुसून परत खोचली आणि पाना घेऊन ट्रॅक्टरच्या पोटाखाली शिरला. क्लचच्या पेडलपासून आत एक सळई जाते, ती त्याने आवळली. बाहेर येऊन हात झटकले.

"मशीनमध्ये काही नाही. पाय आहे हा."

"कोणाचा पाय?" वैजाने विचारलं.

"चालवणाऱ्याचा. बायांचा पाय क्लचवरून उठत नाही, ताई. शिलाई मशीनची सवय असते. पाय ठेवून ठेवून आतल्या चकत्या भाजतात."

"मला शिलाई मशीन येत नाही," वैजा म्हणाली.

"मग आणखीच अवघड आहे," दगू म्हणाला, आणि अनसाबाई मोठ्याने हसल्या.

गुरुवारी सकाळी पुन्हा तेच. ट्रॅक्टर पडवीतून निघतानाच गिअर ओरडायला लागला. दगू पुन्हा दुपारी आला, ट्रॅक्टर पुन्हा शहाण्या मुलासारखा वागला. या वेळी मी दगूला धरून बसवलं आणि विचारलं, "बाबा रे, मला समजेल असं सांग. या क्लचच्या आत असतं तरी काय?"

माझ्या टोपल्यात भाकऱ्या होत्या. त्याने पाच-सहा भाकऱ्या एकीवर एक रचल्या.

"हे बघा. अशा चकत्या असतात. एक इंजिनाची, एक चाकाची, एक इंजिनाची, एक चाकाची. पाय वर असला की सगळ्या दाबून एक होतात आणि सगळ्या मिळून फिरतात. पाय दाबला की सुट्या होतात. इंजिनाच्या फिरत राहतात, चाकाच्या उभ्या. मोठ्या ट्रॅक्टरला हे कोरडं असतं. या लहान्याचं सगळं तेलात बुडालेलं आहे."

"आणि आता त्या सुट्या होत नाहीत."

"होतात की. माझ्या पायाने होतात." त्याने वरची भाकरी उचलली आणि खायला घेतली. "तरी तुमचं समाधान होत नसेल तर ट्रॅक्टर मधून फोडावा लागेल. दोन तुकडे करून चकत्या बाहेर काढायच्या. आठ दिवस लागतील."

आठ दिवस कोणाकडे नव्हते. आभाळ भरून येत होतं, बागांवर भुरीचा रोग पडायची लक्षणं होती, आणि सगळ्यांना फवारणी आज नाही तर काल हवी होती.

शुक्रवारी रंगनाथअण्णांच्या बागेत जे झालं ते मी पाहिलं नाही, ऐकलं. ओळीच्या टोकाला वळताना वैजाने क्लच दाबला, ट्रॅक्टर थांबला नाही, आणि वेलींच्या मांडवाचा लोखंडी खांब पार वाकला. मांडव खाली आला नाही हे नशीब. अण्णा भला माणूस, काही बोलला नाही. पण संध्याकाळी अनसाबाई आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. चहा घेतला नाही, तेव्हाच मी समजले.

"ठकूबाई, माझा जीव वैजावर आहे. पण आज खांब वाकला, उद्या माणूस सापडला तर? रविवारी सकाळी सगळ्याजणींना बोलावलंय. माझा भाचा मोठा ट्रॅक्टर चालवतो. किल्ली त्याच्याकडे देऊ."

"आणि वैजा?"

"ती ब्लोअरच्या टाकीत पाणी भरेल. काम तेच आहे की."

वैजा आत भाकरी करत होती. तिने सगळं ऐकलं. त्या रात्री भाकऱ्या सगळ्या एका बाजूने करपल्या होत्या. मी निमूट खाल्ल्या. ट्रॅक्टरवर बसायला लागल्यापासून या पोरीची मान सरळ झाली होती, हे मी सासू म्हणून कधी तिला सांगितलं नव्हतं. पण दिसत होतं. आता ती पुन्हा चुलीकडे बघून बसली होती.

शनिवारी सकाळी ती न्हायली. मी म्हटलं, ये, तेल लावून देते. खोबरेलाची बाटली फळीवरून काढली आणि हातावर उलटी केली. काही पडेना. आतलं तेल पांढरं दगड झालेलं. काडीने टोकरलं तर काडी मोडली.

"ठेवा उन्हात, आत्या. दहा वाजेपर्यंत होईल पातळ."

"हो ना. सकाळी दगड, दुपारी पाणी," मी म्हटलं, आणि बाटली हातात धरून तशीच उभी राहिले.

"काय झालं?"

"काही नाही. तुझी ती मागची लिफ्ट कशी आहे गं? ब्लोअर उचलते ती."

"ती पण सकाळी कण्हते. हळूहळू उठते, म्हातारीसारखी. दुपारी बरी चालते."

"हे तू दगूला सांगितलंस?"

"त्याने लिफ्टचं विचारलं कुठं? त्याने पायाचंच विचारलं."

मी घरातल्या दोन स्टीलच्या ताटल्या घेतल्या. एकीच्या पाठीवर गोठलेलं खोबरेल थापलं, दुसरी तिच्यावर दाबली आणि दोन्ही मोरीच्या थंड दगडावर ठेवल्या. जरा वेळाने वरची उचलली तर खालचीही तिच्याबरोबर आली. तशाच उन्हात ठेवल्या. दहा वाजता उचलली तर वरची एकटीच आली, खालची जागेवर. वैजा केस मोकळे सोडून माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं असेल, सासूला थंडी बाधली.

मला यंत्रातलं काही कळत नव्हतं. पण दगूने भाकऱ्या रचून दाखवल्या होत्या, आणि एकमेकींना चिकटलेल्या वस्तू सोडवण्यात माझं आयुष्य गेलेलं. पापड, पोळ्या, ताटं. मला एवढंच समजलं की या ट्रॅक्टरचं दुखणं सकाळचं आहे आणि डॉक्टर दुपारचा आहे.

मी सरळ दगूच्या घरी गेले.

"उद्या सकाळी सात वाजता अनसाबाईंच्या पडवीत ये."

"सात? मावशी, मी सातला माणसात नसतो."

"शेंगोळे करणार आहे. कुळथाचे. लसूण घालून, दाट."

दगूने डोकं खाजवलं. "किती वाजता म्हणालात?"

रविवारी तो पावणेसातला हजर होता. कानाला मफलर, हातात वाटी. अकराच्या अकराजणी शाली गुंडाळून जमल्या होत्या. वैजा कोपऱ्यात उभी होती, किल्ली मुठीत धरून. अनसाबाईंचा भाचाही आला होता, केसाला पाणी लावून.

"मिस्तरींनी आधी ट्रॅक्टर चालवून दाखवावा," मी म्हटलं. "त्यांच्या पायाने सगळं ठीक चालतं, असं त्यांचंच म्हणणं आहे. मग किल्ली कोणाला द्यायची ते ठरवू."

"थांबा," अनसाबाई म्हणाल्या. "आधी माझे कपडे काढू द्या दोरीवरचे."

दगूने वाटी चाटूनपुसून खाली ठेवली, वैजाकडून किल्ली घेतली आणि सीटवर चढला. इंजिन सुरू केलं. क्लच पूर्ण दाबला, गिअरची दांडी ढकलली. कर्र. पुन्हा ढकलली. कर्रर्र. तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी ढकलली तेव्हा गिअर पडला, आणि क्लच दाबलेला असतानाच ट्रॅक्टर दगूला घेऊन दोरीकडे निघाला. दगूने दोन्ही पाय दोन्ही पेडलांवर उभे केले. दोरीच्या अलीकडे इंजिन धाडकन बंद पडलं.

मी म्हटलं, "काय रे दगू, शिलाई मशीन कधी शिकलास?"

अकराच्या अकरा हसल्या. वैजाही. चार दिवसांत पहिल्यांदा.

दगू मात्र हसला नाही, आणि याबद्दल मी त्याला मानते. तो खाली उतरून ट्रॅक्टरभोवती फिरला. वैजाने सांगितलं, "लिफ्टही बघा." त्याने पुन्हा इंजिन लावून लिफ्टची दांडी ओढली. लिफ्ट कण्हत कण्हत वर आली.

"क्लचही आणि लिफ्टही," तो स्वतःशी म्हणाला. "दोघांना एकदम काय झालं?"

मी पिशवीतून ताटल्या काढल्या. रात्रभर ओट्यावर ठेवलेल्या होत्या. "ही वरची उचल."

त्याने उचलली. दोन्ही आल्या. त्याने ताटल्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग जाऊन तेलाची पट्टी ओढली आणि उजेडाकडे धरली. पट्टीच्या टोकावरून तेल खाली आलं, थेंब होऊन नाही, तार होऊन. पाक झाला की बोटांत धरतो तशी एकतारी.

"हे नव्वद नंबर आहे," दगू म्हणाला. "मोठ्या ट्रॅक्टरच्या गिअरचं तेल. याच्यात हे चालत नाही. याला एकच पातळ तेल लागतं, गिअरला, क्लचला, लिफ्टला, सगळ्यांना तेच. हे थंडीत गोठल्यासारखं होतं आणि चकत्यांना सुटू देत नाही. फिरून तापलं की जरा सैल पडतं." तो वैजाकडे वळला. "ताई, तुमचा पाय नव्हता. आणि मी दोनदा पट्टी बघितली ती दुपारी, तापलेल्या तेलाची. चूक माझी."

वैजाने त्याच्या हातून पट्टी घेतली आणि पुसून परत खोचली.

"ऑक्टोबरात टाकलं ते डिसेंबरात कसं कळलं?" भाच्याने विचारलं.

"ऑक्टोबरात थंडी होती का?" दगू म्हणाला. मग दगूने विचारलं, "पण हे तेल आलं कसं?"

"फसवलं," अनसाबाई म्हणाल्या. "दुकानदाराने फसवलं. बाईमाणूस आलं, डबा वाचता येत नाही, दिलं खपत नसलेलं गळ्यात बांधून. चला गं, आपण अकराजणी जाऊ. बघू कसा दुकान उघडतो ते."

बायका शाली सावरून उठल्यासुद्धा. सगळ्या माझ्या बाजूने होत्या. मला काही करायचंच नव्हतं, नुसतं त्यांच्याबरोबर चालायचं होतं.

मी वैजाकडे पाहिलं. ती खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने मातीवर रेघ ओढत होती. तेव्हा मला कळलं की तिला आठवलं आहे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, ट्रॅक्टरची पूजा होती. जुनं तेल काढून नवं भरायचं, असं वैजाने ठरवलेलं. पण नेमकी ती त्या दिवशी बाहेरची झाली. मी तिला ट्रॅक्टरला शिवू दिलं नाही. ती लांब लिंबाखाली उभी राहून सांगत होती आणि मी करत होते. खालचा नट तिने सांगितला तसा मी सोडवला, तिने सांगितला तसा आवळला. तेल आणायला मीच गेले होते, तिने लिहून दिलेली चिठ्ठी घेऊन. दुकानदाराने चिठ्ठी वाचली आणि हिरवी बादली दिली. मी झाकण उघडून बोट बुडवलं. पाण्यासारखं पातळ. मला वाटलं, बाई बघून पाणी मिसळलेलं देतोय. मी दुकानात उभी राहून त्याला वाट्टेल ते बोलले. तो म्हणत होता, मावशी, चिठ्ठीत हेच लिहिलंय. मी म्हटलं, चिठ्ठी राहू दे, त्या तांबड्या बादलीत काय आहे ते दाखव. त्यात बोट बुडवलं आणि तेल बोटावरून खाली उतरेना. मी म्हटलं, याला म्हणतात तेल. हेच दे. वरचे पैसे घातले आणि विजयाने घरी आले.

लिंबाखालून वैजाने विचारलं होतं, "आत्या, बादली तांबडी कशी? हिरवी असते ना?"

मी म्हटलं होतं, "तू लांब आहेस तिथं बरी आहेस. दाट तेच चांगलं असतं. देवाच्या दिवशी पातळ घालायचं का ट्रॅक्टरला?"

ती पुढे काही बोलली नव्हती. आणि आताही, सगळा गट तिच्या पायाला नावं ठेवून मोकळा झाल्यावरही, ती मातीवर रेघ ओढत होती.

"बसा गं," मी म्हटलं. "दुकानदाराने बरोबर दिलं होतं. मीच परत केलं."

"काय परत केलं?"

"पातळ तेल. भांडून परत केलं आणि दाट घेतलं. वैजाने हटकलं होतं मला, मीच तिला गप्प केलं."

मला वाटलं, आता काय बोलतील त्या बोलोत. अनसाबाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले.

"म्हणजे ठकूबाई," त्या म्हणाल्या, "तुम्ही ट्रॅक्टरला आमटी वाढलीत."

त्यानंतर पाच मिनिटं सगळ्याजणी हसत होत्या. एकीला तर ठसका लागला, तिच्या पाठीवर भाच्याने थापट्या मारल्या. किल्लीचा विषय कोणी काढलाच नाही. भाचा जाताना शेंगोळ्याची वाटी मात्र घेऊन गेला.

दगूने ट्रॅक्टर अर्धा तास फिरवून तापवला आणि खालचा नट सोडला. काकवी पडावी तसं तेल घमेल्यात पडलं. मी तोवर दुकानात गेले. मला बघताच दुकानदार गल्ल्यामागे सरकला.

"मावशी, आज कशावरून?"

"पाण्यासारखं पातळ दे," मी म्हटलं. "बादली आणि वर एक डबा. हिरवीतलं."

त्याला देव आठवला असेल. डब्यातलं थोडं तेल घालून दगूने आत खळखळवून काढलं, जाळी धुतली, मग बादली भरली. आपण आवळलेली सळई पुन्हा होती तशी सैल केली. म्हणाला, ती तशीच राहिली असती तर चकत्या उलट घसरून खरंच भाजल्या असत्या. ट्रॅक्टर फोडावा लागला नाही. दुपारी बारापर्यंत सगळं आटोपलं, पण मी म्हटलं, आज नाही बघायचं. उद्या सकाळी सातला.

सोमवारी रविवारपेक्षा जास्त गारठा होता. अनसाबाईंनी नवीन दोरी बांधली होती, आणि तिच्यावर हिरवं लुगडं मुद्दाम वाळत घातलेलं. वैजाने गिअर टाकला. आवाज आला नाही. ट्रॅक्टर सरळ लुगड्याच्या रोखाने गेला, आणि एक वीत अलीकडे तिने क्लच दाबला. जागच्या जागी उभा. लुगडं वाऱ्याने हललं आणि बॉनेटला लागून परत गेलं.

"घ्या," अनसाबाई म्हणाल्या. "आज नको झालंय तिला लुगडं."

बागेकडे जाताना मी ट्रॅक्टरच्या बाजूने चालत होते. विचारलं, "काल तू का बोलली नाहीस गं?"

वैजा पुढे बघत म्हणाली, "तुम्ही बोलाल असं वाटलं."

"आणि नसते बोलले तर?"

तिने गिअर बदलला. "मग टाकीत पाणी भरलं असतं."

त्या संध्याकाळी मी देवघरातून ट्रॅक्टरचं पुस्तक काढलं. दसऱ्याला पाटीपूजनात ते मीच पाटावर मांडलं होतं, पोथीसारखं, लाल फडक्यात बांधून. हळदकुंकवाने पानं एकमेकांना चिकटली होती. ती वैजाने एकेक करून सोडवली. मधल्या एका पानावर तेलाच्या डब्याचं चित्र होतं आणि खाली हिंदीतल्या चार ओळी. मी बोट ठेवलं आणि म्हटलं, "यातलं पहिलं अक्षर कोणतं ते सांग."

पुढच्या खंडेनवमीला पुन्हा तेल बदलायचं होतं. मी अंगणात ट्रॅक्टरला हार घातला, नारळ फोडला. वळून बघते तर वैजा लिंबाखाली.

"काय गं?"

"आत्या, मी आज लांब आहे."

अनसाबाई आणि बाकीच्या प्रसादाची वाट बघत उभ्या होत्या. मी हिरव्या बादलीकडे पाहिलं. तिच्या मागच्या बाजूला देवनागरीत बारीक अक्षरं छापलेली होती.

"इकडे ये," मी म्हटलं.

"आत्या, पूजा आहे."

"माहिती आहे. तू ओत, मी वाचते."

ती आली. तिने झाकण काढलं, गाळणी लावली आणि बादली उचलून कलती धरली. मी खाली वाकले, बोट पहिल्या अक्षरावर ठेवलं आणि एकेक अक्षर जोडत निघाले. मधे एका जोडाक्षरापाशी अडले, मागे गेले, पुन्हा पुढे आले.

"ठकूबाई, अशाने उद्याच्या सीमोल्लंघनाची वेळ होईल," अनसाबाई म्हणाल्या.

वैजाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. बादली जड होती. माझं शेवटचं अक्षर लागेपर्यंत तिने गाळणीत एक थेंब पडू दिला नाही.